लेसरने चष्मा घालवण्यापूर्वी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

लेसिक, म्हणजे लेसरने चष्म्याचा नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया, करून घ्यायचे तू जवळजवळ ठरवले आहेस आणि त्यात धोका कितपत, एवढेच मला विचारले आहेस. बहुसंख्य लोकांना या शस्त्रक्रियेचा लाभच होतो, हे आधीच मान्य करतो. मात्र तुझे सगळे लक्ष टेबलावरच्या त्या थोड्या मिनिटांकडे लागलेले दिसते. माझ्या मते धोका किती, हे बरेचसे त्याआधी, तपासणीच्या खोलीतच ठरते.

कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. लेसिकमध्ये त्याचा सुमारे १०० ते १२० मायक्रॉनचा वरचा थर बाजूला उचलतात, खालचा भाग एक्सायमर लेसरने नंबराच्या प्रमाणात झिजवतात आणि थर पुन्हा जागेवर ठेवतात. एका नंबरामागे साधारण १२ ते १५ मायक्रॉन खर्ची पडतात. उचललेला थर पुन्हा पूर्वीच्या ताकदीने सांधला जात नाही, त्यामुळे डोळ्यातला दाब पेलण्याचे काम उरलेल्या भागावर येते आणि तो किमान २५० मायक्रॉन तरी असावा, असा संकेत आहे. कॉर्निया मुळात पातळ असेल किंवा त्याच्या आकारात केराटोकोनसची, म्हणजे कॉर्निया पातळ होत शंकूसारखा फुगण्याच्या विकाराची, सुप्त लक्षणे असतील, तर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही तो पुढे फुगू लागतो. या विकाराला एक्टेशिया म्हणतात. तो विरळा आहे, पण झालेले नुकसान सहसा भरून येत नाही. क्रॉसलिंकिंगने, म्हणजे औषधाचे थेंब आणि अतिनील किरण वापरून कॉर्निया घट्ट करण्याच्या उपचाराने, तो बहुधा थोपवता येतो, पुढे कडक लेन्स लावाव्या लागतात आणि क्वचित कॉर्नियारोपणापर्यंत वेळ येते. म्हणून कॉर्नियाचा नकाशा काढणारी टोपोग्राफी आणि जाडीची मोजणी यांत घाई होऊ देऊ नकोस. मला याच तपासणीनंतर नकार मिळाला होता; चष्मा अजून नाकावर आहे आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही.

दुसरी गोष्ट कोरडेपणाची. थर कापताना कॉर्नियातल्या सूक्ष्म नसा तुटतात, त्यामुळे पहिले काही महिने डोळे कोरडे पडणे, चुरचुरणे हे नेहमीचेच आहे. बहुतेकांचे सहा महिने ते वर्षभरात सुधारते, थोड्यांचे रेंगाळते, आणि अगदी मोजक्यांना डोळा वरून निरोगी दिसत असूनही नसांची तीव्र वेदना होत राहते. तुझे डोळे आजच संगणकापुढे कोरडे पडत असतील, तर ते डॉक्टरांना आधी सांग.

रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे, प्रकाश फाकणे, ही तक्रारही गंभीरपणे घे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने केलेल्या ‘प्राउल’ अभ्यासात, ज्यांना पूर्वी असा कोणताच त्रास नव्हता अशांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनी निदान एक नवा दृष्टिदोष नोंदवला. तरीही त्यापायी दैनंदिन कामे खरोखर अडली असे लोक एक टक्क्याहून कमी होते. तक्त्यावर ६/६ वाचणारा माणूसही रात्री गाडी चालवताना वैतागलेला असू शकतो, कारण तक्ता उजेडात आणि ठळक काळ्या अक्षरांवर वाचला जातो.

जंतुसंसर्ग, थराला सुरकुत्या पडणे, थराखाली पेशी वाढणे किंवा जोरदार मार लागून थर सरकणे हेही घडते, पण कमी. वेळीच लक्षात आल्यास बहुधा उपाय होतो. पीआरके या लेसरच्याच दुसऱ्या पद्धतीत असा उचललेला थरच नसतो, म्हणून त्याचे धोके टळतात. मोबदल्यात पहिले काही दिवस वेदना आणि धूसरपणा सोसावा लागतो.

चष्मा गेला तरी मोठ्या उणे नंबराचा डोळा आतून लांबटच राहतो. दृष्टिपटल सुटण्याचा धोका तसाच असतो. पातळ झालेल्या कॉर्नियामुळे डोळ्याचा दाब प्रत्यक्षापेक्षा कमी मोजला जातो, म्हणजे काचबिंदू नजरेतून निसटू शकतो. चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लागेलच. मोतीबिंदूच्या वेळी कृत्रिम भिंगाचा नंबर काढण्यासाठी आजची मोजमापे उपयोगी पडतात, तेव्हा ती कागदपत्रे जपून ठेव.

मऊ लेन्स तपासणीआधी निदान दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून अधिक काळ बंद ठेव, नाहीतर मोजमापे फसवी येतात. गेल्या वर्षभरात तुझा नंबर बदलला आहे का, हेही मला कळव. टोपोग्राफीचा अहवाल हाती आला की होकार देण्यापूर्वी एका वेगळ्या डॉक्टरांनाही दाखव, आणि ‘मला नकार द्यावा असे यात काही आहे का?’ हाच प्रश्न दोघांनाही विचार.

तुझा,
अनिरुद्ध