वाचक आहे, वसुली नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला कॉमिक्सवरचा लेख वाचला. एक दिवस गप्प बसून पाहिलं, राहवेना. म्हणे 'मराठीत कॉमिक्सला वाचकच नाही'. वाचक आहे हो! मी स्वतः हौसेनं कॉमिक्स छापतो. प्रदर्शनात पोरं आमच्या टेबलाशी उभ्या उभ्या अख्खं कॉमिक संपवतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांचे आईबाप ते विकतही घेतात. घोडं अडतं ते पैशाच्या वसुलीपाशी, आणि त्यावर लेखात अवाक्षर नाही.

उलट जुन्या इंद्रजाल कॉमिक्स आणि त्यातल्या वेताळाच्या (म्हणजे फँटमच्या) नावानं उसासे आहेत. इंद्रजाल १९६४ साली निघालं तेव्हा पाठीशी टाइम्स समूह होता. तरी १९९०मध्ये बंद पडलंच. १९६७च्या अमर चित्र कथेमागे इंडिया बुक हाउस होतं, म्हणजे वितरण घरचंच. आमच्यामागे बायकोचा पगार आहे.

हिशोबच मांडतो. ३२ पानी रंगीत अंक, किंमत १२० रुपये. हजार प्रती छापल्या तर प्रत ४५ रुपयांना पडते. तीनशेच हव्यात म्हटलं की डिजिटल छपाईवर जावं लागतं आणि खर्च दुपटीवर जातो. विक्रेत्याचं कमिशन ४० टक्के, म्हणजे ४८ रुपये. उरले २७. त्यात लेखक, चित्रकार, रंगकाम, खोकी आणि पार्सल. पुस्तकांवर जीएसटी नाही म्हणून रविवारच्या लेखाच्या लेखकानं सरकारचे आभार मानलेत. पण विक्रीवर कर नसल्यामुळेच कागद-छपाईवर भरलेला कर आम्हाला वळता करून मिळत नाही, हे त्यांना कुणी सांगायचं?

आणि हे २७ रुपयेसुद्धा कागदावरचेच. एका मोठ्या शहरातल्या नामांकित दुकानदाराला विक्री झाल्यावर पैसे या बोलीवर प्रती दिल्या होत्या. फोन केला की 'दिवाळी होऊ द्या', दिवाळी झाली की 'मार्च एंड आहे साहेब'. शेवटी एक दिवस गठ्ठाच परत आला, तोही 'टू पे', भाडं आमच्याच गळ्यात. सुतळी इतकी करकचून बांधलेली की वरच्या-खालच्या प्रतींच्या कडा कापल्या गेलेल्या. मुखपृष्ठावरच्या मुलीच्या बरोबर तोंडावर किमतीचं स्टिकर. ते काढायला गेलो तर लॅमिनेशनसकट मुलीचं नाक निघून आलं. गठ्ठ्यात निम्म्याच प्रती होत्या. बाकीच्या विकल्या गेल्या असणार, म्हणजे वाचक होता! पैशांचं विचारलं तर 'हिशोब लागत नाही'.

मग आम्ही तगतो कसे? पूर्वनोंदणीवर. आधी पैसे घ्यायचे, तेवढ्यावर छपाई काढायची, पार्सलं स्वतः बांधायची. लेखातला क्राउडफंडिंगचा, म्हणजे लोकवर्गणीचा सल्ला छान आहे, पण पहिल्या फेरीत पैसे भरणाऱ्यांत मावसभाऊ आणि मेहुणेच जास्त असतात. बाकीचा खर्च चित्रकार मित्राच्या लग्नपत्रिकांवर आणि शाळांच्या भिंती रंगवण्यावर निघतो. दिवाळी अंक नुसत्या किमतीवर नाही, जाहिरातींवर निघतात, हे आपल्याला मी सांगायला नको. आम्हाला पाव पान जाहिरात द्यायची म्हटली की शेठजी विचारतात, 'पोरांचं पुस्तक ना? मग आमचं गिऱ्हाईक कुठे त्यात?'

जाता जाता आणखी एक. लेखासोबत अर्धं पान भरून सुरेख चित्र छापलंत, त्याखाली चित्रकाराचं नाव नाही. लेखकाचा मात्र फोटोसुद्धा आहे. चित्रकारांची उपेक्षा होते असं म्हणणाऱ्या लेखातच हे व्हावं, ही कमालच. त्या चित्रकाराचं नाव कृपया कळवावं, पुढच्या अंकाचं काम द्यायचं आहे. मानधन अर्थात पूर्वनोंदणी झाल्यावर.

आपला,
एक जुना वाचक आणि हौशी प्रकाशक, सांगली