माणसं टिकत नाहीत म्हणे

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

एमआयडीसीत माणसं टिकत नाहीत अशा बातम्या आपल्या पेपरात अधूनमधून येतात, त्यात मालकांचं म्हणणं असतं, असोसिएशनचं असतं, पण जावं का राहावं म्हणून रात्रभर कूस बदलत पडलेल्या माणसाला कोण विचारत नाही, म्हणून हे पत्र.

मी उचगावला राहतो. 2018 ते 2022 शिरोलीत एका मशीन शॉपला होतो, आता गोकुळ शिरगावात एका फाउंड्रीत (लोखंड वितळवून साच्यात ओततात तिथं) क्वालिटीला, म्हणजे माल तपासायला आहे. कंपन्यांची नावं लिहीत नाही, उगाच वाद नको. हायवेला आलं की एका अंगाला जुनी कंपनी, दुसऱ्या अंगाला आत्ताची, आणि हल्ली रोज सकाळी गाडी कागलच्या बाजूला घालताना जीवावर येतंय.

आमची टीम नऊ जणांची होती, आता पाच. पहिला गेला तो सँड लॅबचा पोरगा. मोल्डिंगच्या, म्हणजे साच्याच्या वाळूत ओलावा साधारण 3 ते 4 टक्क्यांच्या आसपास लागतो, ते तो दिवसभर चेक करत असायचा. तो गेला तर दुसरा घ्यायचा सोडून "तेवढं तुम्हीच बघून घ्या की" म्हणून ते काम आमच्यात वाटून दिलं. मग काय, ज्याला वेळ मिळेल तो बघणार, आणि वेळ कुणाकडंच नाही. पावसाळ्यात ओलावा वाढला, कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या मालाला ब्लो होल (आत वायूची भोकं) यायला लागले. आणि हा प्रकार असा की माल वरनं एकदम चकाचक दिसतो, फेटलिंगला (माल घासून साफ करताना) कळत नाही, इन्स्पेक्शनला कळत नाही, मशीनवर चढवून बोअर मारला की आत वाटाण्याएवढं भोक. लोखंड परत भट्टीत टाकता येतं ओ, पण मशीनिंगचा खर्च गेला तो गेलाच. एका रात्री सेकंड शिफ्टला चौदा हाउसिंग (ओतीव कवचं) ओळीनं मांडून भोकाभोवती खडूनं गोल करत बसलो होतो, घरी पोचायला दीड वाजला, आणि सकाळी मीटिंगमध्ये काय ऐकायला मिळालं तर "क्वालिटी झोपली होती का?" सँड लॅबच्या खुर्चीबद्दल एक शब्द नाही.

अशात शिरोलीच्या जुन्या साहेबांचा फोन. "ये की परत, जागा आहे." खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं. 2019 च्या महापुरात हायवे बंद झालेला, तेव्हा पाणी उतरल्यावर आम्ही सहा जणांनी सुट्ट्या सोडून डिस्पॅच भागवलं होतं, ती टीमच वेगळी होती. पण सोमवारी सुट्टीला तिकडं जाऊन आलो तर त्या सहातले दोघंच राहिलेत, बाकीचे कोण चाकणला, कोण घरच्या शेतीत. मला आठवतीय ती टीम आता तिथं पण नाही.

वर पैशाचा हिशोब. पीएफ ट्रान्सफर होतोय, पेन्शनची वर्षं पण जोडून धरतात, पण माझ्यासारख्या पर्मनंट माणसाला ग्रॅच्युइटीला एका जागी सलग 5 वर्षं लागतात. तिकडं चार करून सोडलं, इकडं पण पाच भरायच्या आत सोडलं तर दोन्हीकडनं भोपळा. बायको म्हणते ग्रॅच्युइटीपेक्षा झोप महत्त्वाची, तिचंही चुकत नाही.

आणि सोबतच्यांचं काय? तालमीच्या फुटबॉल टीमचा पोरगा पुढच्या सीझनला दुसऱ्या पेठेकडनं खेळला की गल्लीत त्याला तोंड दाखवायची चोरी होते, तसं आमच्यात झालंय. जो गेला तो गद्दार. मीही सँड लॅबच्या पोराला तेच म्हणालो होतो, आता लाज वाटते. माणूस जातो तेव्हा त्याचं काम कागदावर दिसत नाही असं उरलेल्यांच्या अंगावर टाकलं जातं, आणि मग उरलेले पण जातात, एवढं साधं गणित मालक लोकांना दिसत नाही का बघायचंच नाही, ते त्यांनाच माहीत.

शेवटी मॅनेजर साहेबांना सांगून टाकलं, पगार वाढवू नका, सँड लॅबला माणूस द्या, महिनाअखेरपर्यंत वाट बघतो, नाहीतर राजीनामा आणि एक महिन्याची नोटीस. जुन्या साहेबांनाही तेवढेच दिवस मागून घेतलेत. एचआर म्हणाले जाहिरात तुमच्याच पेपरात देतोय. म्हणून सध्या पेपर हातात आला की पहिल्यांदा छोट्या जाहिरातींचं पान काढतोय, अजून तरी आलेली नाही.

आपला,
एक वाचक, उचगाव, जि. कोल्हापूर