स्टुटगार्टहून: बिलिंग मशीन घेण्याआधी

स्टुटगार्ट, फेब्रुवारी २०२६

ती. अण्णा आणि आईस सा. नमस्कार. दादा-वहिनीस नमस्कार.

मी मजेत आहे. थंडी आहे, पण घरात हीटर आहे आणि दोन्ही वेळा नीट जेवते. दादा, हे आईला मोठ्यानं वाचून दाखव.

आपल्या दुकानाच्या बिलिंग मशीनची तू पाठवलेली दोन्ही कोटेशनं पाहिली. फीचर्सच्या याद्या बाजूला ठेव. मशीन विकणाऱ्याला दुकानात बोलाव आणि आपल्याच मालावर बिल करून दाखवायला सांग. जुन्या आणि नव्या एमआरपीचा एकच साबण दे. बारकोड बहुतेक तोच असतो, म्हणून स्कॅन केल्यावर सॉफ्टवेअरनं कुठली किंमत ते विचारायला हवं. न विचारता नवी लावली, तर जुन्या वडीवर छापील किमतीपेक्षा जास्त घेतल्यासारखं होईल आणि दंड आपल्याला. मग तूरडाळ. सुटीवर जीएसटी शून्य टक्के, पॅकबंद लेबलवालीवर (२५ किलोपर्यंत) ५ टक्के. एकाच नावाखाली टाकली की रिटर्न भरताना सीए कपाळाला हात लावणार. कराचा दर तारखेसह ठेवता येतो का, तेही बघ. २२ सप्टेंबर २०२५ला साबण-टूथपेस्ट १८ वरून ५ टक्क्यांवर आली. जुना दर पुसून नवा टाकणारं सॉफ्टवेअर असेल, तर आधी विकलेला माल परत आला की हिशेब बिघडतो. शेवटी नेटची वायर काढायला लाव. बिल अडलं तर त्याला चहा पाजून परत पाठव.

प्रिंटर तीन इंची, म्हणजे ८० मिमीचा, ऑटो कटरवाला (कागद आपोआप कापणारा) घे; दोन इंचीवर नाव, वजन, दर एका ओळीत मावत नाहीत. मराठी नावं तिथल्या तिथे छापून बघ. प्रिंटरच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये जोडाक्षरं तुटतात. सॉफ्टवेअरनं मजकूर चित्र करून पाठवला तरच नीट येतो, जरा सावकाश. स्कॅनर टूडी घे, तो क्यूआरही वाचतो.

इथली, जर्मनीतली, एक गंमत सांगते. बेकरीत एक ब्रेट्सेल (पिळाचा खारा पाव) घेतलं तरी पावती निघते. १ जानेवारी २०२० पासून कायदाच आहे: इलेक्ट्रॉनिक गल्ला असेल तर प्रत्येक विक्रीची पावती द्यायचीच. गिऱ्हाईकानं ती घेतलीच पाहिजे असं मात्र नाही, त्यामुळे बऱ्याच पावत्या थेट टोपलीत जातात. त्याहून अजब म्हणजे मशीन ठेवायची सक्तीच नाही. नुसता पैशाचा डबा ठेवून विकलं तर ही पावतीची सक्ती लागू नाही! पण मशीन असलं की त्याला एक सुरक्षा चिप जोडावी लागते, ती प्रत्येक व्यवहारावर डिजिटल सही करते, आणि बिल मागाहून गुपचूप पुसता येत नाही. आपल्याकडे २०० रुपयांच्या आतलं बिल जीएसटी नंबर नसलेल्या गिऱ्हाईकानं मागितलं नाही तर वेगळं द्यावं लागत नाही, दिवसाअखेर एकत्र केलं तरी चालतं. पण तो न पुसण्याचा गुण आपल्या सॉफ्टवेअरमध्येही हवा. रद्द केलेलं बिल कुणी, किती वाजता रद्द केलं ते दिसायला हवं, आणि काउंटरवरच्या पोराला वेगळा पासवर्ड.

अण्णा, उधारीची वही कुणी काढून घेत नाही. १ एप्रिलला बिलांची नवी मालिका सुरू करा, महिनाभर वही सोबत चालू दे, दोन्हींची बेरीज जुळली की मग ठरवा. दादा, सगळा माल एकदम चढवत बसू नकोस. रोज हलणारे तीनेकशे आयटम आधी. आणि सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का, हे पैसे देण्याआधी बघ. येत नसेल तर पुढं वार्षिक मेंटेनन्सचा आकडा मशीनवालेच ठरवणार.

इथं बसून सांगणं सोपं आहे, वहिनी म्हणेल ते खरंच आहे. काउंटर तुम्ही सांभाळता.

मशीनचे पैसे मी पाठवते, हप्त्यावर घेऊ नकोस. चिनूच्या लग्नाला मे महिन्यात रजा मिळत नाहीये. पैसे त्याच्या बदल्यात आहेत असं काकूला वाटू देऊ नकोस, दोन्हींचा काही संबंध नाही. आईनं पाठवलेल्या स्थळाशी रविवारी बोलते. नाही म्हटलेलं नाही, एवढंच सांग.

तुझी,
ताई नव्हे, धाकटीच

ता. क. थर्मल कागदावरची अक्षरं उन्हात उडतात. मशीनच्या वॉरंटीचं बिल तसलं असेल तर त्याच दिवशी फोटो काढून ठेव.