५.७ ही ५.५६ पेक्षा मोठी नव्हे, दुसरा आकडा पण छापा

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही पी-नाइंटी नावाच्या त्या आखूड बुलपप कार्बाइनवर, म्हणजे छोट्या लष्करी बंदुकीवर, अर्धं पान छापलंत, फोटो झकास होता, पण मजकुरात एका ठिकाणी म्हटलंय की ५.७ एमएमची गोळी आपल्या लष्कराच्या ५.५६ पेक्षा मोठी म्हणून जास्त ताकदवान, आणि दोन परिच्छेद सोडून खाली तिलाच ‘पॉइंट टू टूसारखी (.२२ बोअरसारखी) इवलीशी गोळी’ म्हटलंय. अहो, मोठी पण आणि इवलीशी पण? खरं सांगायचं तर दोन्ही चूक. सकाळी चहा घेताना वाचलं आणि तेव्हापासून डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र.

आधी माझी ओळख. मी तोफखान्यातला निवृत्त हवालदार, राहायला देवळाली कॅम्पला, म्हणजे रेंजवर फायरिंग असलं की ज्यांच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात त्यातला एक. वडिलांची बारा बोअरची दुनळी माझ्या लायसनवर आहे. त्यामुळे मी काही फार मोठा एक्स्पर्ट नाही पण काडतूस हातात धरून आयुष्य गेलंय.

आता तुमच्या लेखात ज्याचा उल्लेखच नाही ते सांगतो. ही बंदूक मुळात आमच्यासारख्यांसाठी बनवली गेली. बेल्जियमच्या एफएन कंपनीची पी-नाइंटी, १९९० च्या सुमारास आली, आणि कल्पना अशी होती की तोफेवरचा गनर, गाडीचा ड्रायव्हर, सिग्नलवाला, टँकमधला माणूस, म्हणजे ज्याचं मुख्य काम रायफल चालवणं नाही पण वेळ आली तर स्वतःचा जीव वाचवायला काहीतरी हवं, त्याला लांबलचक रायफल देऊन उपयोग नाही आणि नाइन एमएमची गोळी अंगातल्या चिलखतापुढे कमी पडते, मग मधलं काहीतरी काढा. आम्हाला त्या काळी असायची वन-ए-वन कार्बाइन, कानपूरची, नाइन एमएम. तिचं मॅगझिन डाव्या बाजूला आडवं बाहेर आलेलं. १०५ एमएमच्या फील्ड गनवर, म्हणजे तोफेवर, गोळे उचलताना ती पाठीवर टाकलेली असायची आणि कॅमोफ्लाज नेटखालून वाकून निघालं की ते मॅगझिन हमखास जाळीत अडकायचं, मागून गन कमांडरच्या शिव्या. त्यामुळे पहिल्यांदा पी-नाइंटीचं चित्र पाहिलं तेव्हा मी एवढंच बघितलं, की हिला अडकायला काही बाहेरच नाही.

प्रत्यक्ष बघायचा योग आला जावयामुळे. लेक-जावई टेक्सासला, जावई ग्रीन कार्डवाला, त्याच्याकडे हिचीच सिव्हिलियन बहीण आहे, पीएस-नाइंटी. ही सेमी-ऑटो, म्हणजे एकदा घोडा दाबला की एकच गोळी. फौजी पी-नाइंटीची नळी साधारण साडेदहा इंच, हिची सोळा. का, तर अमेरिकेत सोळा इंचापेक्षा आखूड नळीची रायफल १९३४ च्या कायद्यात जाते, तिची वेगळी सरकारी नोंदणी लागते, आणि एकूण लांबी पण निदान २६ इंच भरावी लागते. ही भरते सव्वीसच्या नावाला वर. म्हणून पुढे ती नळी जरा विचित्र बाहेर आलेली दिसते, तुम्ही छापलेल्या फोटोत तेच आहे, आणि खाली लिहिलंय ‘लष्करी आवृत्ती’. असो.

जावई रेंजवर घेऊन गेला. मी विझिटर व्हिसावर, तिकडच्या कायद्यात आमच्यासारख्याला बंदूक हाताळायची तर शिकारीचं लायसन वगैरे भानगड असते, म्हणून मी निमूट मागच्या बाकावर कानाला मफ लावून बसलो आणि नुसतं बघितलं. बुलपप म्हणजे काय तर घोड्याच्या मागे, खांद्याजवळ सगळी यंत्रणा, त्यामुळे नळी पुरेशी लांब राहते आणि एकूण बंदूक आखूड होते. पण हिचं मॅगझिन नेहमीसारखं खाली लोंबत नाही, बंदुकीच्या डोक्यावर आडवं झोपतं, प्लास्टिकचं, आरपार दिसणारं, आणि आत पन्नास काडतुसं नळीला काटकोनात, काडेपेटीतल्या काड्यांसारखी दाटीवाटीने. तोंडाशी एक वळणाचा घाट केलाय, तिथे काडतूस पाव वळसा घेऊन सरळ होतं आणि मग आत जातं. कोणाच्या डोक्यातून निघालं असेल हे! आणि रिकामी केस, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, बाजूला उडत नाही, खाली पडते. मी डावखुरा माणूस, ट्रेनिंगला एसएलआर, आमची तेव्हाची रायफल, डाव्या खांद्याला लावली की गरम केस तोंडासमोरून जायची, उस्तादांनी काठी दाखवून मला उजवा केला. इथे जावयाच्या पायाशी केसेसचा ढीग साचत होता, भेळेवरच्या कुरमुऱ्यांसारखा, डावा-उजवा काही फरकच नाही. चाळीस वर्षं उशीर झाला म्हटलं.

तर आता गोळी. हिचं काडतूस ५.७ बाय २८. पहिला आकडा गोळीची जाडी, दुसरा आकडा केसची लांबी मिलीमीटरमध्ये, आणि केसमध्ये असते दारू, म्हणजे केस लांब तर दारू जास्त. आपली इन्सास, म्हणजे फौजेची रायफल, चालते ५.५६ बाय ४५ वर, ती काडतुसं आपल्या शेजारी वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत बनतात, अर्ध्या जळगाव जिल्ह्याला माहितीये. गंमत अशी की ५.५६ चं नाव काहीही असो, तिची गोळी प्रत्यक्ष मोजली तर ५.७ मिलिमीटरच भरते, म्हणजे दोघींची जाडी एकच! फरक आहे २८ आणि ४५ मध्ये. ४५ वालीची गोळी चार ग्रॅमची आणि सेकंदाला नऊशे मीटरच्या वर पळते. २८ वालीची दोन-अडीच ग्रॅमची, सहा-सातशेने. मग मोठी कोण? पुण्याच्या एआरडीईने, म्हणजे शस्त्रं तयार करणाऱ्या सरकारी संशोधन संस्थेने, जी जेव्हीपीसी कार्बाइन काढली तिचं काडतूस पण ५.५६ च, पण बाय ३०, म्हणजे नावात इन्सासची आणि गुणात पी-नाइंटीच्या जवळची. तुम्ही नुसतं ५.५६ छापलं तर वाचणाऱ्याला काय कळणार?

दुसरी बाजू, ‘पॉइंट टू टूसारखी इवलीशी’. जाडीत सारखी हो, वजनात पण, जावयाच्या खोक्यातली निळ्या टोकाची गोळी ४० ग्रेनची म्हणजे २.६ ग्रॅम, आणि पोरं प्रॅक्टिसला वापरतात ती पॉइंट टू टू लाँग रायफल पण नेहमीची ४० ग्रेनचीच. पण ती जाते सेकंदाला साडेतीनशेच्या आसपास आणि ही सहाशेच्या वर. मार वाढतो वेगाच्या वर्गाने, शाळेच्या पुस्तकात आहे, त्यामुळे वजन तेच असून दणका जवळपास तिप्पट. आणि पॉइंट टू टू तरी कुठे खेळणं आहे, तिच्या खोक्यावरच एक-दीड मैलापर्यंत धोका म्हणून छापलेलं असतं. चिलखत फोडणारी जी एसएस-१९० नावाची गोळी, जिच्यामुळे एवढं नाव झालं, ती कंपनी फौज-पोलिसांनाच देते, जावयाला दुकानात मिळत नाही. तुमच्या लेखात तिचे गुण या बंदुकीला सरसकट चिकटवलेत.

अजून एक बारीक गोष्ट जावयाने दाखवली ती मला फार आवडली. या काडतुसाच्या केसवर बाहेरून पातळ लेप असतो. यंत्रणा साधी ब्लोबॅकची, केस स्वतःच मागे सरकून बोल्ट ढकलते, म्हणून ती गुळगुळीत सुटायला हवी. काही हौशी लोक रिकाम्या केसेस गोळा करून घरी पुन्हा भरतात, आणि भरण्याआधी घासूनपुसून लख्ख करतात, आपल्याकडे पितळी भांडी चिंचेने घासतात तसं. इथे लख्ख केली की लेप गेला आणि केस आत धरून बसते. म्हणजे स्वच्छतेची हौसच अंगाशी येते. एवढी महागाची काडतुसं, नाइन एमएमपेक्षा चांगलीच महाग, तरी जावई रिकाम्या केसेस फेकून देतो.

माझा एवढा जीव का तुटतो त्याला कारण आहे. मी दहा-अकरा वर्षांचा असताना निफाडला आमच्या मळ्यात वडील डुकरांवर बार काढायला बसले होते, आणि कोणा पाहुण्याने दिलेल्या मूठभर काडतुसांत एक वीस बोअरचं निघालं. लोकांना वाटतं वीस म्हणजे बारापेक्षा मोठं. उलटं आहे, एका पौंड शिशाच्या नळीच्या मापाच्या जितक्या गोळ्या होतील तो बोअर, म्हणून आकडा मोठा तर नळी बारीक. ते वीसचं काडतूस बाराच्या नळीत सुळकन पुढे सरकलं आणि अडकलं. घोडा दाबला तर नुसतं टक. वडिलांना वाटलं भरायचं राहिलं, बाराचं दुसरं हातात घेतलं पण होतं, तेवढ्यात चुलत्यांनी कंदील वर करून नळीतून उलटं बघितलं आणि पलीकडचा उजेड दिसेना. तसाच बार निघाला असता तर नळी वडिलांच्या डाव्या हातातच फुटली असती. आता वीस बोअरची काडतुसं पिवळी करतात ती त्याचसाठी.

जाता जाता, माझा नातू आणि त्याचे गंगापूर रोडचे मित्र मोबाइल गेममध्ये पी-नाइंटी बघून विचारतात की आजोबा इथे लायसनवर मिळेल का. नाही मिळत. आपल्या आर्म्स रूल्समध्ये सेमी-ऑटो रायफल प्रतिबंधित वर्गात आहे, बोअर कितीही बारीक असो, आणि २०१९ पासून सर्वसाधारण लायसनवर बंदुकाही दोनच ठेवता येतात. तुमच्या लेखात शेवटी ‘हौशी नेमबाजांसाठी पर्वणी’ असं वाक्य आहे ते कुठल्या देशाबद्दल आहे तेवढं एकदा स्पष्ट करा, कारण कॅम्पातल्या कटिंगच्या दुकानात परवा एकजण मला तेच कात्रण दाखवून ‘अर्ज कुठे करायचा’ विचारत होता.

आणि दुरुस्ती छापलीत तर बाय २८ सकट छापा.

आपला,
एक निवृत्त तोपची
देवळाली कॅम्प, नाशिक