टिंगल करायलाही विज्ञान यावं लागतं

माननीय संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला विनोदी विज्ञानकथांवरचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून सकाळी उठून पहिलं हे पत्र लिहायला बसले. लेखकाचं म्हणणं असं की ज्यांना विज्ञान झेपत नाही ते अंतराळात विनोद घुसडतात. असं सरसकट लिहून मोकळं होऊ नये हो.

हेच मी एकदा स्वतः झेललंय. एका कथास्पर्धेला गोष्ट पाठवली होती. त्यात यानावरची इंजिनिअर कॅप्टनला विचारते की शत्रूचं जहाज बाहेर फुटलं तर आपल्याला आत धडामकन आवाज आला कसा, बाहेर तर हवाच नाही. कॅप्टन म्हणतो, लढाईत असले प्रश्न विचारायचे नसतात. मग ती गुपचूप शोधत शोधत पार खालच्या डेकवर जाते तर तिथे एक म्हातारा, त्याची नोकरीच मुळी खिडकीतून बघून वेळेवर पत्रा बडवायची, कारण आवाज झाल्याशिवाय सैनिकांना जिंकल्यासारखं वाटत नाही. गोष्ट साभार परत आली, पहिल्या पानावर लाल शाईत शेरा, "निर्वातात ध्वनी जात नाही, प्राथमिक चूक." अहो, सगळी गोष्टच त्यावर उभी होती! पुढच्या एकाही पानावर साधी टिकसुद्धा नव्हती. दहा वर्षं झाली, ती लाल शाई अजून डोळ्यांसमोर आहे.

ज्याची टिंगल करायची ते आधी तोंडपाठ असावं लागतं. १९९९ चा 'गॅलॅक्सी क्वेस्ट' हा चित्रपट घ्या. परग्रहवासी एक टीव्ही मालिका खरी समजून हुबेहूब तसंच यान बांधतात, आणि यान स्फोटाने उडवून द्यायची उलटी मोजणी सुरू झाली की बटण दाबूनही थांबत नाही, बरोब्बर १ वर येऊन थांबते, कारण मालिकेत नेहमी तिथेच थांबायची! शेवटच्या सेकंदाला वाचणारी शंभर यानं बघितल्याशिवाय हे कुणाला सुचेल का?

आणि लेखक म्हणतो, विनोदी विज्ञानकथा हे हल्लीचं फॅड. हॅरी हॅरिसन यांनी अंतराळातल्या शूर सैनिकाची रेवडी उडवणारी कादंबरी १९६५ मध्ये लिहिली, आणि ते स्वतः दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. डग्लस अॅडम्स यांची अंतराळातली विनोदी मालिका बीबीसी रेडिओवर मार्च १९७८ मध्ये लागली. हल्लीचं म्हणजे किती हल्लीचं?

जाता जाता अजून एक. त्याच लेखात, दुसऱ्या कॉलममध्ये, "हजारो प्रकाशवर्षांपूर्वी" असं छापलंय. प्रकाशवर्ष हे अंतर आहे, साधारण साडेनऊ लाख कोटी किलोमीटर, काळ नाही. दुसऱ्यांना विज्ञान येत नाही म्हणणाऱ्या लेखात ही चूक जायला नको होती. दुरुस्ती उद्याच्या अंकात छापावी ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक