जर्मनीत आधी पत्रपेटीवर नाव लावा

महोदय,
जर्मनीला निघालेली आपली मुलं व्हिसाची तयारी चोख करतात. अडतं ते घर मिळाल्यावर. राहायला गेल्यापासून 14 दिवसांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे 'आनमेल्डुंग', करावी लागते. नुसता भाडेकरार चालत नाही. घरमालकाच्या सहीचा वेगळा दाखला लागतो. तो किल्ली घेतानाच मागा. 'नोंदणी करता येणार नाही' असं सांगणारी खोली कितीही स्वस्त असो, घेऊच नका.

नोंदणीनंतर 11 अंकी कर क्रमांक टपालाने येतो. पत्त्यात बहुधा फ्लॅट क्रमांक नसतो. पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघतो. ते नसेल तर पत्र परत! मग क्रमांकाअभावी पगारातून सहाव्या करवर्गाने (सर्वाधिक कपातीच्या गटाने) जबर कर कापला जाऊ शकतो. पोटभाडेकरूंनीही पासपोर्टवरचं आडनाव पहिल्याच दिवशी पेटीवर चिकटवावं.

— एक वाचक, म्युनिक