बंदगळ्याच्या बाहीतलं घड्याळ

नागपूर,
त्रिपुरी पौर्णिमा

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

अवर सचिव झाल्याबद्दल आधी मनापासून अभिनंदन. यंदाच्या हिवाळी अधिवेशनाला तू नव्या पदावर नागपुरात येणार आणि त्याच आठवड्यात पुतणीचं लग्नही इथेच, हे वाचून घरातले सगळे खूश झाले. सरकारी राहण्याची सोय असली तरी मुक्काम आमच्याकडेच करायचा, त्यात वाद नको.

आता तुझा प्रश्न. विधानभवनात जाताना काळा सूट आणि रिसेप्शनला मोतिया रंगाचा बंदगळा, या दोन्हींवर कोणतं घड्याळ घालावं? फोनवर हे धड बोलून होणार नाही म्हणून सविस्तर लिहितो. मला घड्याळांचं किती वेड आहे ते तुला कॉलेजपासून माहीत आहे. शिवाय इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर तू पहिल्यांदा असा नीट सूट शिवून घेतो आहेस, मग मनगटावर भलतंच काही चढवलेलं मला बघवणार नाही.

तू पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. भाच्याने दिलेलं क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेलं घड्याळ, देखणं आहे, पण ते जीन्सवर घाल. त्याच्या तबकडीत तीन छोट्या तबकड्या आहेत, कडेला चावीच्या वर आणि खाली दोन बटणं आहेत, आणि जाडी बारा-तेरा मिलिमीटर तरी असेल. हात खाली सोडला की शर्टाचा कफ त्या बटणावर अडकतो आणि तिथेच चुणी पडून राहतो. मग उजव्या हाताने डावी बाही ओढत राहायची, दिवसभर. इतवारीत माझी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांना तो फोटो दाखवला, तर म्हणाले, "अरे बाप्पा, हे बाहीत शिरन तरी कसं?" स्मार्टवॉच तर नकोच. तू अधिकाऱ्यांच्या गॅलरीत बसलेला असणार, खाली सभागृहात तुमच्या खात्याच्या प्रश्नावर उत्तर चालू असणार आणि तुझ्या मनगटावर मेसेजचा उजेड पडणार. तसा उजेड पडला की नजर जातेच, तुझीही आणि शेजारच्याचीही. तिसरं, लग्नातलं सोनेरी. त्याचं पॉलिश चेनच्या कड्यांवर उडून आतलं पांढरं दिसतं आहे. ते नीट जपून ठेव, पण या कामाला ते चालणार नाही.

माझं म्हणणं असं आहे की औपचारिक कपड्यांवरच्या घड्याळाची खरी परीक्षा वेळ बघतानाच होते. वरिष्ठ बोलत असताना मनगट वर करून घड्याळ बघणं आपल्याकडे उद्धटपणा समजतात. पाहुण्यासमोर बघितलं तर 'आता उठा' असं सांगितल्यासारखं होतं. आणि तुझं काम तर सगळं वेळेचं आहे. कितीला बैठक, कितीला ब्रीफिंग, सभागृह कधी पुन्हा सुरू होणार, हे सतत बघावंच लागणार. म्हणून घड्याळ असं हवं की फाइलवरून नजर खाली जाताना निमिषात वेळ कळावी आणि तू घड्याळ बघितलंस हे समोरच्याच्या लक्षातही येऊ नये. पांढरी किंवा फिकट तबकडी, अंकांच्या जागी साध्या उभ्या रेघा, आणि तबकडीशी रंग न मिसळणारे गडद, टोकदार काटे. एवढं पुरतं. रोमन अंक आवडत असतील तर तेही छान दिसतात. त्यात चारच्या जागी बहुधा चार उभ्या रेघा असतात, ती छापण्यातली चूक समजू नकोस, घड्याळात तशीच जुनी पद्धत आहे. तारखेची खिडकी नसली तर उत्तम, पण तुला रोज टिपणीवर तारीख टाकावी लागते, त्यामुळे असली तरी मी हरकत घेणार नाही.

मुळात सूट आणि मनगटी घड्याळ हे काही जन्माचे जोडीदार नाहीत. साहेब लोकांचं घड्याळ वेस्टकोटाच्या खिशात साखळीला असायचं आणि मनगटावरचं घड्याळ बायकांचा दागिना समजला जायचा. १९०४ साली कार्तिएने सांतोस-द्युमों या वैमानिकासाठी मनगटी घड्याळ केलं, कारण उड्डाण करताना खिशात हात घालायला सवड नव्हती. पुढे पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांनी घड्याळं मनगटावर बांधली आणि मग ती पुरुषांच्या हातावरच राहिली. तरीही काळ्या बो-टायच्या संध्याकाळच्या पोशाखावर घड्याळ घालूच नये, असं मानणारे जुने लोक होते. वेळेकडे बघणं म्हणजे यजमानाचा अपमान. घातलंच तर पातळ, साधं, काळ्या पट्ट्याचं. आजचं 'ड्रेस वॉच' त्याच संकोचातून आलेलं आहे आणि मला तो संकोच फार आवडतो.

तुझ्या बंदगळ्याशी नातं सांगणारं एक घड्याळही आहे. हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा खेळताना फुटायच्या. त्यावर उपाय म्हणून १९३१ साली 'रिव्हर्सो' निघालं. चौकोनी डबी बाजूला सरकवून उलटी करायची, की काच आत आणि धातूची पाठ बाहेर. ते विकत घेणं आपल्या आवाक्यातलं नाही, पण बंदगळ्यावर लांबट चौकोनी घड्याळ इतकं का खुलतं ते मला त्यावरून उमगलं. अशा आकाराची स्वस्त घड्याळंही मिळतात. दोन घड्याळं घ्यायची असती तर रिसेप्शनसाठी मी तेच सुचवलं असतं. तुला एकच घ्यायचं आहे, म्हणून गोल घे.

आता मापं. यात मात्र अजिबात सूट नाही. दुकानदार तुला ४२ मिलिमीटरचं दाखवेल आणि म्हणेल, "साहेब, आता हेच चालून राहिलं." ऐकू नकोस. १९३२ साली पाटेक फिलिपने 'कलात्रावा' काढलं आणि ड्रेस वॉच म्हटलं की आजही जाणकार त्याचंच नाव घेतात. ते जेमतेम ३१ मिलिमीटरचं होतं. तुझं मनगट बारीक आहे, तुला ३६ ते ३८ पुरे. नुसत्या डबीच्या व्यासावरही जाऊ नकोस. पट्टा जिथे अडकतो ती वरची दोन टोकं आणि खालची दोन टोकं यांच्यातलं अंतर मोज. ते तुझ्या मनगटाच्या सपाट भागापेक्षा जास्त भरलं, तर टोकं हवेत राहतात आणि घड्याळ कितीही चांगलं असलं तरी उसनं आणल्यासारखं दिसतं. जाडी आठ मिलिमीटरच्या आत, फार तर नऊ. एखादं घड्याळ दोन मिलिमीटर जास्त रुंद असलं तर मी समजून घेईन, पण जाडीत दोन मिलिमीटर म्हणजे बाही अडकलीच.

टेलरकडे सूट अजून असेल तर शर्टाचंही आत्ताच सांगून ठेव. डाव्या हाताचा कफ उजव्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर सैल शिवायला सांग. चांगले कारागीर हे न सांगता विचारतात, 'घड्याळ कोणत्या हाताला?' कोटाच्या बाहीखाली शर्टाचा कफ साधारण एक सेंटिमीटर दिसावा आणि घड्याळ त्या कफाच्या आत असावं. हात सरळ असताना फार तर कडा दिसेल. कोपरात हात वाकवला की तबकडी आपोआप बाहेर येईल. घरी आरशासमोर हे करून बघ. कोट घाल, फाइल हातात घे, खुर्चीवर बस आणि वाचत असल्यासारखी मान खाली घाल. त्या स्थितीत वेळ दिसली की झालं.

चावीचं घ्यावं की सेलचं, यावर मी तुला चावीचंच सांगेन असं तुला वाटलं असेल. मला स्वतःला चावीचंच आवडतं. सकाळी चहा उकळेपर्यंत चावी द्यायची, अंगठ्याखाली ते बारीक दाते फिरताना कळतात, आणि स्प्रिंग भरली की चावी आपण होऊन थांबते. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. त्यांची 'जनता' म्हणजे १७ ज्वेलचं (चाकांच्या आसाखाली झीज टाळायला बसवलेले खडे) मशीन, सेकंदाला पाच ठोके, बाकी काही थाट नाही. सुटावर ती अतिशय सुंदर दिसते आणि आपल्या देशात झालेल्या वस्तूंपैकी मला तिचा फार अभिमान आहे. सरकारने २०१६ साली ती कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

पण जुनी 'जनता' आता पारखून घ्यावी लागते. ऑनलाइन चकाचक दिसणाऱ्या पुष्कळ नगांची तबकडी नव्याने रंगवलेली असते. भिंगातून बघितलं की कळतं: अक्षरं जाडसर, फुगलेली, मिनिटाच्या रेघा खुणांच्या समोर येत नाहीत, आणि कधीकधी मूळ कंपनीने कधी काढलाच नाही असा भडक निळा किंवा केशरी रंग. अशा घड्याळात काटे एका मॉडेलचे आणि मशीन दुसऱ्याचं असतं. शिवाय अधिवेशनात रात्री किती वाजता सुटशील त्याचा नेम नाही. चावी द्यायची राहिली तर दुसऱ्या दिवशी ऐन बैठकीत ते बंद पडेल. त्यामुळे तुझ्यासाठी सेलचंच बरं. त्यात कमीपणा अजिबात नाही. क्वार्ट्झचा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, सर्किट तो आकडा पंधरा वेळा निम्मा करत एकावर आणतं आणि काटा एक पाऊल टाकतो. १९६९ च्या नाताळच्या दिवशी सेइकोने टोकियोत पहिलं क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ विक्रीला आणलं, तेव्हा ते चैनीची वस्तू होतं. आणि पातळपणात तर सेलच्या मशीनची बरोबरी सहसा होत नाही. टायटनने २००२ साली 'एज' काढलं, त्याचं मशीन १.१५ मिलिमीटर आणि अख्खं घड्याळ ३.५ मिलिमीटर जाडीचं. होसूरच्या कारखान्यातलं हे काम मी जेव्हा जेव्हा हातात घेतो तेव्हा थक्क होतो. ऑटोमॅटिकच्या, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणाऱ्या घड्याळाच्या, फंदात मात्र पडू नकोस. त्यात मशीनवर फिरणारं वजन असतं, त्यामुळे जाडी वाढतेच.

पट्टा चामड्याचा, काळा, साधा, जाड शिलाई नसलेला. बुटाच्या रंगाशी पट्ट्याचा रंग जुळायला हवा आणि कमरेच्या बेल्टच्या बकलाशी घड्याळाचा धातू. तुझं बक्कल स्टीलचं आहे, म्हणजे घड्याळही स्टीलचं. मे महिन्यात असतास तर नागपुरात चामडं घालू नको म्हटलं असतं, इथल्या घामाने पट्टा एका उन्हाळ्यात कुजट वास मारायला लागतो. डिसेंबरच्या थंडीत काही चिंता नाही. फक्त हात धुताना जप. पाठीवर पाणी न शिरण्याची हमी म्हणून तीस मीटर लिहिलेलं असलं तरी ते शिंतोड्यांपुरतंच असतं, नळाखाली धरण्यासाठी नाही.

बंदगळ्याच्या बाबतीत एकच अडचण आहे. फोटोत त्याची बटणं पितळी सोनेरी दिसताहेत. स्टीलच्या घड्याळाशेजारी, त्यातही बाहीवरच्या बटणांजवळ, ते खटकेल. यावर दुसरं सोनेरी घड्याळ घ्यायची गरज नाही, बटणंच बदलून घे. त्याच कापडाने मढवलेली बटणं लावली तर बंदगळा आणखी शालीन दिसेल आणि खर्चही किरकोळ. तुझी मोजडी तपकिरी आहे, तेव्हा त्याच मापाचा एक तपकिरी पट्टा घेऊन ठेवू. पट्टा बदलायला पिन दाबून काढायची असते, मी संध्याकाळी बसून करून देईन.

खरेदी इथेच करू. रविवारी सकाळी ये, अधिवेशन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मेन रोडला दोन-तीन दुकानं मला माहीत आहेत, जिथे दहा घड्याळं काढायला लावली तरी कपाळाला आठी पडत नाही. येताना तो नवा शर्ट अंगावर घालूनच ये आणि कोट हँगरसकट आण, दुकानात चढवून बघू. झीरो माइलजवळचं विधानभवन तिथून जवळच आहे, तेही दाखवतो म्हणजे सोमवारी कोणत्या गेटने जायचं ते बघून होईल.

गाडी कोणती, डबा कोणता ते कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आणि कफाचं टेलरला आजच सांग.

तुझा,
श्रीकांत